वाढ, भर आणि माज

मेहकरहून लोणारकडे निघालं की वाटेत सुलतानपूर लागतं. बुलढाणा जिल्ह्याचा हा भाग सोयाबीनचा, तुरीचा आणि पऱ्हाटीचा. पावसाळ्यात इकडच्या कृषी सेवा केंद्रात थोडा वेळ थांबलं, तर ‘ग्रोथ’ हा शब्द मराठीच असल्यासारखा कानावर येतो. फळीवरच्या बाटल्यांवर तो छापलेलाच असतो. कुठे ग्रोथ प्रमोटर, कुठे प्लांट ग्रोथ रेग्युलेटर. “भाऊ, सोयाबीनची ग्रोथच नाही, काही द्या,” असं म्हणणाऱ्याला दुकानदार एकोणीस-एकोणीसची पुडी काढून देतो. नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं ते विद्राव्य खत. पुढे पाऊस लागून राहिला, की त्याच दुकानात दुसरा शेतकरी येतो आणि म्हणतो, “सोयाबीन माजलं, वाढ थांबवायचं औषध द्या.” त्याच्या हातात क्लोरमेक्वाट क्लोराईडची बाटली पडते. तिच्यावरही ‘ग्रोथ’ हा शब्द असतोच.

एकाला वाढ हवी आहे, दुसऱ्याला ती नको आहे. बाटलीवरच्या इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र पहिल्या वेळी ‘ग्रोथ’ आला आणि दुसऱ्या वेळी ‘माजलं’. हा दुसरा शब्द त्याला कुठल्या बाटलीवरून मिळालेला नाही.

आधी इंग्रजी शब्दाचं घर पाहू. ‘ग्रो’, ‘ग्रीन’ आणि ‘ग्रास’ हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे. हिरवं होणं, उगवणं, गवत अशी ती सगळी ओल्या मातीतली मंडळी. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘ग्रो’ हे क्रियापद मुख्यतः झाडापाल्यापुरतं होतं. मूल, वासरू, चंद्र यांच्या वाढण्याला वेगळा शब्द होता, ‘वॅक्स’. मेणाच्या ‘वॅक्स’शी त्याचं नातं नाही. इसवी सन १३०० च्या आसपास ‘ग्रो’ माणसांसाठी वापरला जाऊ लागला, पुढे जनावरांसाठीही, आणि ‘वॅक्स’ मागे हटत गेला. आज तो जवळपास चंद्रापुरताच उरला आहे. शुक्ल पक्षातला वाढता चंद्र म्हणजे ‘वॅक्सिंग मून’.

या मागे पडलेल्या ‘वॅक्स’चं गोत मात्र फार मोठं आहे. त्याचं मूळ आणि आपल्या ‘ओजस्’चं मूळ एकच. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून ‘आउगेरे’ म्हणजे वाढवणे हे क्रियापद झालं आणि त्यातून इंग्रजीत ‘ऑक्शन’ आणि ‘ऑथर’ हे शब्द आले. बोली वाढत जाते म्हणून ऑक्शन. जो एखादी गोष्ट निर्माण करून वाढवतो तो ऑथर. बाजार समितीतला लिलाव आणि पुस्तकाचा लेखक यांना इंग्रजीनं एकाच झाडाला बांधून ठेवलं आहे. ग्रीकमध्ये त्याच मुळाचं रूप ‘ऑक्सेइन’. वनस्पतींच्या शेंड्यात तयार होणारं वाढीचं द्रव्य विसाव्या शतकात सापडलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला या ग्रीक शब्दावरून ‘ऑक्झिन’ असं नाव दिलं. आयुर्वेदातलं ओज आणि कृषी केंद्रातलं ऑक्झिन असे एका रक्ताचे आहेत.

ऑक्झिनची गोष्ट इथेच सोडता येत नाही. मागच्या शतकात त्याच्यासारखीच वागणारी रसायनं कारखान्यात बनवली गेली. त्यातलं एक विदर्भातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, टू-फोर-डी. रुंद पानाच्या तणावर ते फवारलं, की तण वाढीच्या अतिरेकानंच मरतं. पेशी बेताल वाढतात, खोड पिळवटतं, पानं वळतात, आणि झाड स्वतःच्याच वाढीनं संपतं. शेजारच्या धुऱ्यावरून वाऱ्यानं त्याचा थोडा फवारा पऱ्हाटीवर आला, तरी पऱ्हाटीची पानं बोटांसारखी चिंचोळी होतात. कापूस या औषधाला फार हळवा. वाढ म्हणजे चांगलंच असं धरून चालणाऱ्यानं हे पान एकदा हातात घेऊन पाहावं.

आता आपल्या घरात येऊ. संस्कृतात ‘वृध्’ हा धातू आहे. प्राकृतात त्याचं ‘वड्ढ’ झालं आणि मराठीत ‘वाढ’. तोच धातू हिंदीच्या वाटेनं पुन्हा आपल्याकडे आला तेव्हा ‘बढती’ झाला आणि थेट संस्कृतातून घेतला तेव्हा ‘वृद्धी’. एकाच धातूची ही तीन रूपं आपण तीन कामांना लावली. पिकाची वाढ, नोकरीतली बढती आणि कागदावरची वृद्धी. ‘गुणवत्ता वृद्धी’ म्हणतो, ‘गुणवत्ता बढती’ म्हणत नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीचा पहिला शब्दही ‘वृद्धी’च. तिथे तो आ, ऐ, औ या स्वरांचं पारिभाषिक नाव आहे. ग्रंथाच्या आरंभी मंगल शब्द यावा म्हणून पाणिनीनं तो पुढे ठेवला, असं जुने वैयाकरण सांगतात.

या मंगल शब्दाला आपल्या लोकांनी इतर ठिकाणीही राबवलं आहे. घरात मूल जन्मलं, की जे सोयर पाळलं जातं त्याला ‘वृद्धी’ म्हणतात. मरणाचं ते सुतक, जन्माची ती वृद्धी. कुळात एक माणूस वाढला एवढी सरळ ती गोष्ट. धर्मशास्त्राच्या आणि व्यवहाराच्या जुन्या संस्कृतात ‘वृद्धी’ म्हणजे कर्जावरचं व्याजही. ‘चक्रवृद्धी’चं मराठीत ‘चक्रवाढ’ झालं, आणि तो शब्द आठवीतल्या गणिताइतकाच सावकाराच्या ओट्यावरही शिकला गेला. पाळण्यातलं बाळ आणि वहीतलं व्याज, दोन्ही न थांबता वाढतात, हे शब्द घडवणाऱ्यांच्या ध्यानात होतं.

‘वाढणे’चा आणखी एक उपयोग मला मराठीचं वैभव वाटतो. पंगतीत आपण अन्न ‘वाढतो’. हिंदीत ते परोसतात, इंग्रजीत सर्व्ह करतात, मराठीत वाढतात. ‘सून वाढते आहे’ या वाक्याचा अर्थ पंगत समोर असेल तरच लागतो. आणि जे तुटलं, फुटलं ते बोलून दाखवायचं नसतं, म्हणून तिथेही हाच शब्द धावून येतो. नारळ फोडला न म्हणता वाढवला म्हणायचं. हातातली बांगडी पिचली तर ती वाढली. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर मंगळसूत्र वाढलं. कासारीण बांगड्या ‘भरते’ आणि त्या तुटल्या, की ‘वाढतात’. तुटण्याचं नाव घेतलं तर ते घडेल, या भीतीपोटी बायकांनी भाषेतला सर्वांत भरवशाचा शब्द त्या जागी आणून ठेवला. वाढदिवस, वाढीव मुदत, वाढपी आणि वाढवलेला नारळ ही सगळी एकाच शब्दाची कामं आहेत.

तरीही शेतात ‘वाढ’ या एका शब्दावर भागत नाही. पेरलेलं बी आधी ‘निघतं’. “निघालं का सोयाबीन?” हा पेरणीनंतरच्या आठवड्यातला गावभरचा प्रश्न. नाही निघालं तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट आणि हंगाम पंधरवडाभर मागे. निघालं, की तास दिसू लागतात. डवरणी झाली, पाऊस वेळेवर आला, की पीक ‘तरारतं’. बगलेतून फांद्या निघतात तो ‘फुटवा’. मग ‘फुलोरा’. मग शेंग ‘धरते’. मग दाणा ‘भरतो’. हरभऱ्याला घाटे लागतात, पऱ्हाटीला आधी पाती आणि मग बोंडं, आणि शेवटी बोंड ‘फुटतं’. फुटणं म्हणजे इथे मोडणं नाही, कापूस हाती येणं.

ज्वारीचे शब्द आणखी देखणे. कणीस बाहेर पडण्याआधी वरच्या पानाच्या आवरणात ते फुगून बसतं, तेव्हा ज्वारी ‘पोटरीत’ आली म्हणतात. पायाच्या मागचा मांसल भाग तीच पोटरी. गंमत अशी, की इंग्रजी कृषिशास्त्रातही या अवस्थेला ‘बूट स्टेज’ म्हणतात. त्यांनाही तिथे पायातलंच काहीतरी दिसलं. इंग्रजीला बूट दिसला, आपल्याला त्याच्या आतला पाय. पोटरीतून कणीस बाहेर आलं, की ज्वारी ‘निसवली’. त्यानंतर दाणा दुधात, मग हुरड्यात, मग पक्का.

या सगळ्या शब्दांकडे नीट पाहिलं, तर त्यांच्यात एक दुभंग दिसतो. निघणं, तरारणं आणि फुटणं ही वाढ आहे. धरणं आणि भरणं ही वाढ नाही. दाणा भरत असतो तेव्हा सोयाबीनची उंची जवळजवळ थांबलेली असते आणि पुढे पानंही पिवळी पडून गळू लागतात. शेतकऱ्याला पैसा मिळतो तो भरलेल्या दाण्याचा. पाल्याला बाजार समितीत भाव नाही. म्हणून पीक पाहायला आलेला जाणता माणूस कमरेएवढ्या सोयाबीनचं कौतुक करत नाही. तो वाकून झाड बाजूला करतो, बुंध्याकडच्या शेंगा मोजतो, एक शेंग चिमटीत दाबून पाहतो. ती पापडीसारखी चपटी लागली, की काही न बोलता पुढच्या तासात जातो.

‘पीक’ हा शब्दच शेवटाकडून आला आहे. संस्कृतात ‘पक्व’, प्राकृतात ‘पिक्क’, मराठीत ‘पीक’. पिकलेलं ते पीक. पेरलं त्या दिवसापासूनच आपण त्याला पिकण्याचं नाव देऊन ठेवतो. इंग्रजी ‘क्रॉप’ मात्र शेंड्याकडून आला. जुन्या इंग्रजीत ‘क्रॉप’ म्हणजे रोपाचा माथा, कणसाचा तुरा. मग माथा छाटण्यालाही ‘क्रॉप’ म्हणू लागले. मोबाईलवर फोटो ‘क्रॉप’ करणारा मुलगा आणि शेतातलं ‘क्रॉप’ सांभाळणारा त्याचा बाप एकच शब्द वापरत असतात, एक छाटण्यासाठी आणि दुसरा पिकासाठी.

या दोन अर्थांची गाठ आपल्याकडच्या तुरीच्या तासात प्रत्यक्ष पडते. पेरणीनंतर साधारण दीड महिन्यानं तुरीचे ‘शेंडे खुडतात’. वरचा दोन-अडीच इंच कोवळा शेंडा काढून टाकायचा. शेंड्यातलं ऑक्झिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतं. शेंडा गेला, की दाब उठतो, बगलेतल्या फांद्या फुटतात, आणि जिथे एक सोट वर गेला असता तिथे झाड डेरेदार होतं. फांद्या जास्त म्हणजे फुलं जास्त, शेंगाही जास्त. हरभऱ्याचे कोवळे शेंडे तर घरोघरी भाजीसाठी खुडले जातात. भाजीही होते आणि फुटवाही येतो. पऱ्हाटीत नुसत्याच वर जाणाऱ्या आणि थेट बोंड न देणाऱ्या फांदीला ‘गळफांदी’ म्हणतात, बोंडं धरणारी ती ‘फळफांदी’. पुष्कळ शेतकरी गळफांदी काढून टाकतात. वाढीचे हे दोन प्रकार ओळखून त्यांना दोन नावं देणं हेच खरं शास्त्र, मग ते कुठल्याही भाषेत होवो.

आणि आता ‘माज’. संस्कृत ‘माद्यति’, प्राकृत ‘मज्जइ’, मराठी ‘माजणे’. मूळ धातू ‘मद्’. मद, मदिरा आणि उन्माद हे सगळे त्याचेच. वळू माजतो, गाय माजावर येते, पैसा आलेला माणूस माजतो, आणि नत्र फार झालं, ढगाळ हवा टिकली, दाटी झाली, की सोयाबीनही माजतं. गर्द हिरवं, उंच, पानंच पानं. वारा सुटला, की लोळतं. आत शेंगा नसतात. माणसाच्या वागण्यातला दोष आणि पिकाचा दोष मराठीनं एकाच शब्दात धरला, ही फक्त आपल्याकडची कल्पना असेल असं वाटण्याजोगं आहे. तसं ते नाही. इंग्रजीत अशा वाढीला ‘रँक ग्रोथ’ म्हणतात. क्रमांकाचा ‘रँक’ तो हा नव्हे. जुन्या इंग्रजीत या ‘रँक’चा अर्थ गर्विष्ठ, ताठ असा होता. तिथून तो बेफाम वाढलेल्या झाडोऱ्याकडे गेला आणि पुढे कुजकट वासाकडे. जपानमध्ये भाताच्या एका रोगात रोपं पिवळी पडून इतरांपेक्षा उंच वाढतात, पण ओंबी धरत नाहीत. तिथले शेतकरी त्या रोगाला ‘बाकानाए’ म्हणतात, म्हणजे वेडं रोप. १९२६ मध्ये एइइची कुरोसावा या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ही वाढ एका बुरशीच्या स्रावामुळे होते. त्या स्रावातूनच पुढे जिबरेलिन मिळालं. आज ते जिबरेलिक ॲसिड म्हणून आपल्याकडच्या दुकानात बसलेलं आहे.

माज, गर्व, वेड. तीन देशांतल्या शेतकऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तिघांनीही फळाविना वाढलेल्या रोपाला स्वभावदोषाचं नाव दिलं.

माणसाच्या वाढीचे शब्दही असेच तपासायला हवेत. संस्कृतात ‘वृद्ध’ म्हणजे मुळात वाढलेला. इंग्रजी ‘ओल्ड’चं मूळही पोसलेला, वाढलेला असंच आहे, आणि ‘अडल्ट’ म्हणजे ज्याची वाढ पुरी झाली तो. प्राकृतात वृद्धाचा ‘वुड्ढ’ झाला, आणि त्यातूनच वऱ्हाडीतला आपला ‘बुढा’. इकडे बापाला ‘माहा बुढा’ आणि आईला ‘माही बुढी’ म्हणतात. बाहेरच्याला ते उद्धट वाटतं. शब्दाच्या मुळाशी मात्र तिथे ‘वाढलेला’ माणूस बसला आहे. ‘म्हातारा’ तर ‘महत्तर’ या शब्दातून आला, म्हणजे अधिक मोठा. वय झालेल्याला मोठा म्हणायचं, संपलेला म्हणायचं नाही, ही आपल्या दोन्ही शब्दांची रीत आहे.

मुलाबद्दल बोलताना आपण ‘वाढला’ कमीच म्हणतो. तो मोठा होतो, जाणता होतो, हाताखाली येतो. उंची वाढते, अंग भरतं. झपाट्यानं वाढणाऱ्या मुलीला ‘उफाड्याची’ म्हणतात. उफाडा म्हणजे वाढीचा जोर. इंग्रजीला ज्यासाठी ‘ग्रोथ स्पर्ट’ असे दोन शब्द लागतात, ते मराठीत एका शब्दात होतं, आणि तो शब्द आता लग्नाच्या बोलाचालीबाहेर ऐकूही येत नाही. याच्या उलट ‘खुरटणे’ आणि ‘खुंटणे’. खुंट म्हणजे छाटलेल्या झाडाचं उरलेलं बूड. वाढ खुंटली म्हणताना ते बूड डोळ्यांपुढे येतं. इंग्रजी ‘स्टंट’चा जुना अर्थ मंद, मूर्ख असा होता, आखूडपणाचा अर्थ त्यावर नंतर चढला. कुपोषणाच्या अहवालात ‘स्टंटिंग’ हा शब्द सतत येतो. वयाच्या मानानं उंची कमी राहिलेलं मूल असा त्याचा अर्थ. अंगणवाडीत वजनाच्या नोंदीसाठी वाढीचा तक्ता असतो, मुलाचा निळा आणि मुलीचा गुलाबी, त्यावर हिरवा, पिवळा आणि केशरी असे पट्टे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवर तो बेतलेला आहे. सेविका आईला “ग्रेड खाली गेला” असं सांगते तेव्हा आई नुसती मान हलवते. “वाढ खुंटली” म्हटलं तर ती घाबरेल, ही भीती खरी आहे. पण तिला कळेल, आणि कळल्यावरच ती मुलाच्या ताटाकडे वेगळ्या नजरेनं पाहील.

दवाखान्यात हा प्रश्न आणखी नाजूक होतो. सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रोथ’ असं लिहिलेलं असतं. शेतीच्या दुकानात जो शब्द हवाहवासा म्हणून ऐकला, जो टीव्हीवर देशाच्या कौतुकात ऐकला, तोच शब्द आता पोटातल्या गाठीसाठी असतो. तालुक्याहून मोठ्या शहरात रुग्ण घेऊन आलेला मुलगा तो कागद वाचतो आणि त्याला काही उमगत नाही. मराठीत यासाठी ‘गाठ’ हा नितळ शब्द आहे. गाठीला वाढ म्हणून कुणी फसत नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीही लिहावं, तोंडी ‘गाठ’च म्हणावं.

सुलतानपूरच्या परिसरातला वाढीचा सर्वांत मोठा शब्द मात्र ना शेतात आहे ना दवाखान्यात. तो रस्त्यावर आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. ‘समृद्धी’ शब्दात ‘ऋध्’ हा धातू आहे. भरभराटणं, फळाला येणं हा त्याचा अर्थ. ऋद्धि-सिद्धीतली ऋद्धी तीच. रस्ता आहे काँक्रीटचा. ‘काँक्रीट’ हा शब्द लॅटिन ‘क्रेस्केरे’पासून आला, आणि ‘क्रेस्केरे’ म्हणजेही वाढणे. एकत्र वाढून घट्ट झालेलं ते काँक्रीट. ‘इन्क्रीज’, चंद्रकोरीचा ‘क्रेसेंट’ आणि जहाजावरचा ‘क्रू’ हे सगळे याच क्रियापदाचे. ‘रिक्रूट’सुद्धा, म्हणजे नव्यानं उगवलेला. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी आपली मुलं जिची वाट पाहतात ती ‘भरती’ मात्र भरण्यातून आली. शेतातली ‘भर’ इथेही मराठीनं सोडली नाही.

आता ‘विकास’. ‘डेव्हलप’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘एन्व्हलप’ म्हणजे गुंडाळणं, ‘डेव्हलप’ म्हणजे गुंडाळलेलं उलगडणं. संस्कृतात ‘वि’ आणि ‘कस्’ मिळून ‘विकस्’, म्हणजे उमलणं. कळीत जे आधीच होतं ते उघडणं. दोन्ही शब्दांत बाहेरून काही चढवलेलं नाही, आत असलेलं मोकळं झालं आहे. म्हणून ‘डेव्हलपमेंट’साठी ‘विकास’ ही निवड मला अजोड वाटते. तिच्यात आकाराचा नव्हे, अवस्थेचा बदल आहे. पीक तरारणं ही वाढ, कळी उमलणं हा विकास.

अर्थशास्त्रही हा भेद मानतं. देशातलं एकूण उत्पादन किती टक्क्यांनी वाढलं ती ‘ग्रोथ’. त्या उत्पादनातून लोकांचं आयुर्मान, शिक्षण, जगण्याची मोकळीक किती उघडली ते ‘डेव्हलपमेंट’. अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकारानं १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला, तो या भेदावरच उभा आहे. अमर्त्य सेन यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात विकास म्हणजेच स्वातंत्र्य अशी मांडणी केली. महाराष्ट्रानं मानव विकास मिशन सुरू केलं. मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेणाऱ्या एसटीच्या निळ्या बसवर ‘मानव विकास’ ही अक्षरं दिसतात. तिथे तो शब्द नेमका आहे. सातवीनंतर घरी बसली असती अशी मुलगी त्या बसमधून बारावीपर्यंत जाते, हे उमलणंच आहे. त्यानं एकूण उत्पादनाचा आकडा त्या वर्षी हलत नाही.

आणि मराठी वर्तमानपत्रं एकूण उत्पादनाच्या वाढीच्या दराला काय म्हणतात? ‘विकासदर’. देशाचा विकासदर इतका टक्के, राज्याचा विकासदर तितका टक्के. हे चुकीचं आहे, आणि ही चूक शब्दापुरती राहत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, की विकास मोजून झाला, तो वाढलाही, फक्त आपल्या गावात तेवढा दिसत नाही. खरं तर मोजली गेली ती वाढ. ती भरण्याची आहे की माजाची, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी शेंग दाबून पाहावी लागते. मराठीत ‘वाढीचा दर’ किंवा ‘वृद्धिदर’ हे सरळ शब्द उपलब्ध असताना ‘विकासदर’ छापण्याचं काहीच कारण नाही. संपादकांनी तो आजपासून बंद करावा.

एक मागणं लोणार-मेहकर भागातल्या वाचकांकडे आहे. सोयाबीन पसरलं तशी इकडची ज्वारी आक्रसत गेली, आणि तिच्याबरोबर पोटरी, निसवणं, हुरड्याचे बारीक भेद हे शब्दही बोलण्यातून उतरू लागले. मुलं आता ‘फ्लॉवरिंग’ म्हणतात, कारण बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. घरात ज्यांनी तिफण धरली आहे, निंदण केलं आहे असे बुढा-बुढी असतील, तर त्यांना याच हंगामात शेतात बरोबर न्या. बी निघाल्यापासून रास होईपर्यंत प्रत्येक अवस्थेला ते काय म्हणतात ते विचारा, आणि ज्या गावात ते ऐकलं त्या गावाच्या नावासकट वहीत उतरवून ठेवा.